फ्रेममधले मुद्राचित्र: पारखून घेण्यापासून भिंतीवर टिकवण्यापर्यंत

फ्रेम केलेले मुद्राचित्र, म्हणजे छापून काढलेले चित्र, विकत घेताना बहुतेकांची नजर आधी चित्रावर आणि मग फ्रेमच्या पट्टीवर जाते. ते चित्र वीस वर्षांनी कसे दिसेल हे मात्र काचेमागच्या, सहसा न दिसणाऱ्या गोष्टी ठरवतात: कागद कशाचा आहे, शाई कोणती आहे, कागदाला टेकून कोणता पुठ्ठा बसवला आहे आणि कागद त्या पुठ्ठ्याला कशाने जोडला आहे. म्हणून या लेखात पट्टीच्या रंगरूपाबद्दल थोडेच आणि फ्रेमच्या पोटाबद्दल बरेच लिहिले आहे. खर्चाला मर्यादा असेल तर पट्टी साधी घ्यावी, पण कागदाला स्पर्श करणाऱ्या वस्तूंमध्ये काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: आपण नेमके काय विकत घेत आहोत

‘आर्ट प्रिंट’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिल्या प्रकारात चित्रकार स्वतः लाकडावर, धातूच्या पत्र्यावर, दगडावर किंवा जाळीच्या पडद्यावर चित्र तयार करतो आणि त्यावरून छाप काढले जातात. लाकूडठसा, एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने खोदलेल्या रेषांचा छाप), शिळाछाप आणि स्क्रीनप्रिंट ही त्याची परिचित रूपे. शिळाछापाचे तंत्र आलोइस सेनेफेल्डर यांनी १७९६च्या सुमारास शोधले. लाकूडठसा आणि एचिंग त्याहून कितीतरी जुने आहेत. या प्रकारात छापाव्यतिरिक्त वेगळे ‘मूळ चित्र’ नसतेच, त्यामुळे प्रत्येक प्रत ही अस्सल कलाकृती मानली जाते. दुसऱ्या प्रकारात आधीच्या चित्राचे छायाचित्र घेऊन, किंवा संगणकावरच केलेले चित्र घेऊन, ते चांगल्या कागदावर इंकजेट यंत्राने छापले जाते. १९९०च्या दशकापासून अशा छापांना ‘जिक्ले’ म्हणण्याची पद्धत पडली. तिसरा प्रकार म्हणजे ऑफसेटवर हजारोंनी छापलेले पोस्टर. यांपैकी कोणताही प्रकार मुळात हलका नाही आणि पोस्टर आवडले तर जरूर घ्यावे. फसगत होते ती तिसऱ्याला पहिल्याचा भाव दिला जातो तेव्हा.

हा फरक ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. ऑफसेटच्या छपाईत निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची फुलासारखी, सगळीकडे सारखीच येणारी रचना दिसते. इंकजेटमध्ये बारीक तुषार उडाल्यासारखे ठिपके असतात, पण त्यांना ठरावीक आकृतिबंध नसतो. शिळाछापात दगडावरच्या तेलकट खडूचा अनियमित, खरखरीत पोत कागदावर उतरलेला दिसतो. एचिंगमधली शाई खोबणीतून वर आलेली असल्यामुळे तिरप्या उजेडात रेषा कागदावर किंचित उभी राहिलेली जाणवते, आणि पत्र्याच्या दाबाने चित्राभोवती चौकोनी ठसा उमटतो. लाकूडठशात दाबामुळे शाई रेषेच्या कडेला सरकून तिथे गडद किनार तयार होते. पत्र्याचा चौकोनी ठसा मात्र एकटा पुरावा म्हणून धरू नये, कारण छापील पोस्टरवर कोरा पत्रा दाबून तोही उमटवता येतो. आधी रेषा पाहावी, मग ठसा.

दुसरी पायरी: क्रमांक, सही आणि प्रमाणपत्र

चित्राखाली पेन्सिलीने १२/५० असे लिहिले असेल तर एकूण पन्नास प्रतींपैकी ही बारावी, एवढाच त्याचा अर्थ. आधीचा क्रमांक म्हणजे आधीचा आणि म्हणून सरस छाप, ही समजूत बहुधा चुकीची ठरते, कारण प्रती वाळल्यावर कोणत्याही क्रमाने हाती घेऊन त्यांवर क्रमांक घातले जातात. पत्र्यावर सुईने थेट कोरलेल्या ड्रायपॉइंटची गोष्ट वेगळी आहे: रेषेच्या कडेला उभी राहिलेली धातूची बारीक कड प्रत्येक छापाबरोबर झिजत जाते, त्यामुळे सुरुवातीचे छाप खरोखरच अधिक मखमली दिसतात. क्रमांकाऐवजी ‘ए. पी.’ असे लिहिले असेल तर ती चित्रकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत होय. अशा प्रती सहसा मूळ संख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतात; त्या निम्म्याहून अधिक निघाल्या तर ‘मर्यादित’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

इंकजेट छापांच्या बाबतीत तर हा प्रश्न आवर्जून विचारावा. एका आकारात पन्नास प्रती, दुसऱ्या आकारात शंभर आणि पुढच्या वर्षी वेगळ्या कागदावर आणखी, असे करूनही प्रत्येक संच ‘मर्यादित’ म्हणून विकता येतो. सगळे आकार आणि सगळे कागद धरून एकूण किती प्रती निघाल्या व पुढे निघणार आहेत, याचे उत्तर लेखी घ्यावे.

सहीबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. छापाखाली पेन्सिलीने सही करण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली, म्हणून त्याआधीच्या छापावर हाताची सही नसणे हा दोष नाही. उलट, केवळ सहीवर भरवसा ठेवणेही धोक्याचे आहे: साल्वादोर दाली यांनी कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्याचे उघड झाल्यापासून त्यांच्या नावावरच्या उत्तरकालीन छापांकडे बाजार संशयानेच पाहतो. छाप केव्हा काढला हेही तितकेच महत्त्वाचे. आल्ब्रेख्त ड्युरर यांचा गेंड्याचा प्रसिद्ध लाकूडठसा १५१५चा. ड्युरर १५२८ मध्ये वारले, पण त्याच ठोकळ्यावरून छाप निघतच राहिले, आणि उशिराच्या छापांत ठोकळ्याला गेलेली भेग व किड्यांनी पाडलेली भोके स्पष्ट दिसतात. रेम्ब्रांटच्या पत्र्यांवरूनही त्यांच्या मृत्यूनंतर शतकभराहून अधिक काळ छपाई चालू होती. ठोकळा किंवा पत्रा अस्सल असला, तरी चित्रकाराच्या देखरेखीखालचा छाप आणि झिजलेल्या पत्र्यावरचा नंतरचा छाप यांच्या मोलात मोठे अंतर असते.

प्रमाणपत्र मिळाले तर त्यात चित्रकाराचे नाव, चित्राचे नाव, साल, तंत्र, कागद, चित्राचे व पूर्ण कागदाचे वेगवेगळे माप, एकूण प्रती आणि छापणाऱ्याचे नाव एवढा तपशील असावा. ‘हे अस्सल आहे’ एवढेच छापलेल्या चकचकीत कागदाला किंमत देऊ नये. नामांकित मुद्राचित्रकारांच्या सर्व छापांच्या तपशीलवार सूची प्रसिद्ध झालेल्या असतात. मोठी रक्कम मोजण्यापूर्वी त्यातली नोंद काढून मापे मिलिमीटरपर्यंत पडताळावीत. छायाचित्रावरून केलेली नक्कल बहुधा मापातच पकडली जाते.

तिसरी पायरी: कागद आणि शाई

कापसाच्या धाग्यांपासून केलेला कागद सर्वांत टिकाऊ. त्याखालोखाल शुद्ध केलेल्या लाकूडलगद्याचा, म्हणजे आल्फा सेल्युलोजचा कागद येतो. स्वस्त लगद्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखरपणा देणारा घटक, शिल्लक राहतो. उजेडात आणि हवेत तो पिवळा पडतो आणि त्यातून आम्ल तयार होऊन कागद ठिसूळ होतो, जे जुन्या वर्तमानपत्रांत आपण नेहमी पाहतो. कागद ‘आम्लमुक्त’ आहे एवढे ऐकून थांबू नये, तो लिग्निनमुक्त आहे का तेही विचारावे, कारण लगद्यात अल्कली मिसळून तो विक्रीच्या दिवशी आम्लमुक्त ठरवता येतो. अतिशुभ्र कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायने घातलेली असतात. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च टाकला की असा कागद निळा चमकतो. काही वर्षांत या रसायनांचा प्रभाव ओसरला की कागद मूळच्या उबदार छटेवर येतो. त्यात कागदाचे नुकसान नसते, पण चित्रातले पांढरे भाग बदललेले दिसतात.

इंकजेट छाप असेल तर शाई रंगकणांची, म्हणजे पिगमेंटची असावी. विरघळलेल्या रंगाची डाय शाई उजेडात आणि दमट हवेत लवकर हार खाते. ‘शंभर वर्षे टिकते’ असा दावा ऐकला की चाचणीत किती उजेड गृहीत धरला आहे ते पाहावे. काही चाचण्या रोज बारा तास ४५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड धरतात, तर काहींनी १२० लक्सच धरलेला असतो. तोच छाप दुसऱ्या हिशेबाने जवळजवळ पावणेचारपट टिकाऊ ठरतो, आणि जाहिरातीत छापून येतो तो फक्त वर्षांचा आकडा.

चौथी पायरी: आधीच फ्रेम केलेले चित्र उलटून पाहणे

फ्रेममधले चित्र विकत घेताना ते भिंतीवरून उतरवायला सांगावे आणि आधी पाठ पाहावी. फ्रेम करणाऱ्याचे लेबल, जुन्या दालनाची चिठ्ठी, आधीच्या मालकाची नोंद, कागदी आवरणाला पडलेली भोके, ओल चढल्याची तपकिरी कड हे सगळे तिथेच सापडते. पाठ उघड्या हार्डबोर्डची किंवा खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याची असेल, तर त्यातले आम्ल छापाच्या कागदात उतरत असल्याचे गृहीत धरून चालावे.

मग पुढून माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती बसवलेल्या, मध्ये खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याच्या, खिडकीची तिरपी कापलेली कड जवळून पाहावी. चांगल्या माउंटची कड पांढरीशुभ्र राहते. स्वस्त माउंटमध्ये वरचा रंगीत थर तसाच दिसतो, पण कापलेली कड मात्र भाजल्यासारखी पिवळट-तपकिरी झालेली असते. अशा वेळी खिडकीच्या कडेने छापाच्या कागदावरही त्याच रंगाची रेषा उमटलेली असण्याची दाट शक्यता असते. कागदावर पसरलेले बारीक तपकिरी डाग बुरशीचे किंवा कागदातल्या धातुकणांचे असतात, आणि ते काढणे हे तज्ज्ञाचे काम आहे. कागद किंचित लहरी असेल तर घाबरू नये. कागद हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, त्यामुळे थोडी लहर नैसर्गिक असते. उलट, जुना छाप काचेसारखा तंतोतंत सपाट दिसला तर तो मागून पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवला असल्याची शंका घ्यावी. तसे असेल तर चित्राचे मोल पुष्कळ घटते.

किंमत मोठी असेल तर फ्रेम उघडून दाखवण्याची विनंती करावी. कडा कापल्या आहेत का, माउंटखाली झाकलेल्या भागातला रंग उघड्या भागापेक्षा गडद आहे का, म्हणजेच चित्राचा रंग उडाला आहे का, हे त्याशिवाय कळत नाही. याला ठाम नकार देणाऱ्याकडून महागडे चित्र घेऊ नये.

पाचवी पायरी: नवी फ्रेम करून घेणे

येथे एकच कसोटी लावावी: आज केलेली प्रत्येक गोष्ट उद्या कागदाला इजा न होता काढता आली पाहिजे.

फ्रेम करणाऱ्याकडे जाण्याआधी ताज्या इंकजेट छापाला वाळायला वेळ द्यावा. हाताला कोरडा लागला तरी शाईतली मंद उडणारी द्रव्ये काही दिवस बाहेर पडत असतात, आणि घाईने फ्रेम केली तर काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर जमतो. छापावर साधा शोषक कागद ठेवून, तो अधूनमधून बदलत, काही दिवस सपाट ठेवणे पुरेसे असते. गुंडाळून आलेला छाप उलट्या बाजूने गुंडाळून सरळ करू नये, त्याने शाईच्या थराला भेगा जातात. स्वच्छ कागदांमध्ये ठेवून वर सपाट वजन द्यावे आणि एक-दोन दिवस थांबावे.

कागद पुठ्ठ्याला जोडण्याची खात्रीची रीत जुनीच आहे. जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून छाप फक्त वरच्या कडेला जोडावा, बाकी तिन्ही कडा मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे हवामानाप्रमाणे कागदाला फुगायला आणि आक्रसायला वाव राहतो. पट्टी छापाच्या कागदापेक्षा पातळ असावी. कधी ताण आला तर पट्टी फाटावी, छाप नव्हे. खळ पाण्याने सुटते. चिकटपट्टीचे तसे नाही: तिचा गोंद काही वर्षांत कागदात मुरतो, कागद तिथे पारदर्शक आणि तपकिरी होतो, आणि तो डाग बहुधा पुरता जात नाही. छापाला भरपूर कोरी कड असेल तर आम्लमुक्त कागदाचे कोपरे करून त्यांत तो नुसता अडकवणे सर्वांत उत्तम, कारण त्यात खळही लागत नाही. उष्णतेने किंवा फवाऱ्याच्या गोंदाने पूर्ण चिकटवण्याचा सल्ला मिळाला तर पोस्टरसाठी तो मान्य करावा, सही केलेल्या छापासाठी कधीही नाही.

माउंट आणि मागचा पुठ्ठा शंभर टक्के कापसाचा किंवा शुद्ध आल्फा सेल्युलोजचा असावा. दीड मिलिमीटर जाडीचा माउंट सर्रास वापरतात. मोठ्या चित्राला तीन मिलिमीटरचा शोभतो आणि तो काच कागदापासून अधिक दूर ठेवतो. हे अंतर केवळ देखणेपणासाठी नाही. काचेच्या आतून कधी बाष्प जमले तर काचेला टेकलेला कागद तिला चिकटतो. माउंट नको असेल तर काचेच्या कडेला आतून पातळ पट्ट्या लावून अंतर राखायला सांगावे. माउंटची खिडकी क्रमांक, सही आणि पत्र्याचा ठसा झाकणार नाही इतकी मोठी ठेवावी. आणि खिडकीत बसावा म्हणून छापाची कड कापू देऊ नये, हे काम देतानाच पावतीवर लिहून घ्यावे.

काच की अॅक्रिलिक, याचे उत्तर आकारावर अवलंबून आहे. अॅक्रिलिक काचेच्या निम्म्या वजनाचे असते आणि फुटून चित्रावर पडत नाही, म्हणून मोठ्या फ्रेमला, लहान मुलांच्या खोलीला आणि प्रवासाला ते योग्य. पण त्यावर चरे लवकर पडतात आणि पुसताना स्थिर विद्युत तयार होते, जी खडू किंवा कोळशाचे सुटे कण ओढून घेते. दोन्हींत अतिनील किरण अडवणारे प्रकार मिळतात आणि चांगले प्रकार ९९ टक्क्यांपर्यंत अतिनील अडवतात. साधी काच सुमारे आठ टक्के उजेड परावर्तित करते, परावर्तनरोधक थराची काच एक टक्क्याहून कमी; गडद छापांत हा फरक डोळ्यांत भरतो.

मागची बाजू आम्लमुक्त फोमबोर्डने किंवा नालीदार प्लॅस्टिकने बंद करून कडा धूळ व किडे आत जाणार नाहीत अशा सील कराव्यात. पट्टी चित्राच्या वजनाला पेलेल एवढी रुंद आणि आतले सगळे थर मावतील एवढी खोल असली म्हणजे झाले.

सहावी पायरी: टांगणे

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर येईल असे टांगावे. दोन बाजूंना दोन कड्या आणि भिंतीवर दोन स्वतंत्र हुक असले की फ्रेम वाकडी होत नाही आणि एक हुक सुटला तरी ती खाली येत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या गुंड्या लावाव्यात, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांमध्ये हवा खेळती राहते. ओल येणारी बाहेरची भिंत, स्नानगृहाला लागून असलेली भिंत, स्वयंपाकघर आणि एअर कंडिशनरच्या झोताची जागा टाळावी.

उजेडाचा हिशेब मात्र सविस्तर करण्याजोगा आहे. कागदावरच्या कलाकृतींसाठी संग्रहालये सहसा ५० लक्सची मर्यादा पाळतात. रोज आठ तास धरले तर वर्षाला १,४६,००० लक्स-तास होतात. खिडकीजवळच्या भिंतीवर दिवसा सरासरी ५०० लक्स उजेड पडत असेल, तर हाच वर्षाचा वाटा सुमारे ३६ दिवसांत संपतो, आणि उघड्यावर एक लाख लक्सच्या घरात असणारे थेट ऊन खिडकीतून आत आलेले असले तरी तो दोन-तीन तासांत संपवू शकते. ही हानी साचत जाते आणि उलटवता येत नाही. अतिनील अडवणारी काच तिचा वेग कमी करते, पण दृश्य उजेडही रंग उडवतोच. म्हणून ऊन न पोहोचणारी भिंत निवडावी, चित्रावर रोखलेला दिवा एलईडीचा आणि मंद ठेवावा, आणि नाजूक छाप काही महिने लावून काही महिने अंधारात विसावू द्यावेत. मोबाइलमधले उजेड मोजणारे अॅप अचूक नसले तरी दोन भिंतींची तुलना करायला चालते.

सातवी पायरी: रोजची निगा

खोलीतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती एकाएकी वरखाली होऊ नये. ती ७० टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशीला आमंत्रण मिळते. दमट दिवसांत फ्रेमच्या मागे हात घालून भिंत गार-ओलसर लागते का ते पाहावे, आणि लागली तर चित्र काही काळ आतल्या भिंतीवर हलवावे. कसर नावाचा चंदेरी किडा कागद आणि खळ दोन्ही खातो. फ्रेमच्या आत त्याची कातडी किंवा कागदाचा वरचा थर खरवडलेला दिसला तर फ्रेम उघडून घ्यावी.

काच पुसताना द्रव कधीही काचेवर फवारू नये, कारण तो खाली ओघळून पट्टीच्या खाचेतून आतल्या कागदापर्यंत पोहोचतो. मऊ कापड किंचित ओलसर करून, कड सोडून पुसावे. अॅक्रिलिकला अमोनियाचे द्रव वापरू नये, त्याने ते धुरकटते. लाकडी पट्टीला कोरडा मऊ कुंचला पुरे. सोनेरी वर्खाच्या पट्टीला ओले कापड अजिबात लावू नये.

फ्रेम उचलताना दोन्ही हातांनी उभ्या बाजू धराव्यात, वरची पट्टी किंवा मागची तार नव्हे. काढून ठेवायची असेल तर जमिनीपासून थोडी उंच, उभी, समोरासमोर आणि पाठीला पाठ लावून ठेवावी. सुटे छाप आम्लमुक्त फोल्डरमध्ये आडवे, मध्ये पातळ आम्लमुक्त कागद घालून. पोटमाळा आणि पलंगाखालची जागा यांपेक्षा आतल्या खोलीतले कपाट केव्हाही बरे. दर काही वर्षांनी मागचे सील तपासावे, आणि फ्रेम नवी असताना चित्राचे समोरून, पाठीमागून आणि सहीचे जवळून छायाचित्र काढून पावतीसोबत ठेवावे, म्हणजे रंगातला बदल पुढे ताडून पाहता येतो.

काच फुटली तर फ्रेम उभी करून तुकडे झटकू नयेत. ती चित्र वर येईल अशी आडवी ठेवावी आणि हातमोजे घालून एकेक तुकडा सरळ वर उचलावा, कागदावरून ओढू नये. फ्रेममध्ये पाणी शिरले असेल तर ती लगेच उघडावी, कारण ओल्या कागदावर ४८ तासांत बुरशी धरू शकते. कागद काचेला चिकटलेला दिसला तर मात्र तो सोडवण्याचा प्रयत्न न करता, फ्रेम काचेची बाजू खाली करून आडवी ठेवावी आणि तशीच कागदाच्या संवर्धन-तज्ज्ञाकडे न्यावी.